सात नंबरची फेक

शिवणीचे आठ टाके, त्यातला तिसरा उसवलेला — डबा सांडला की काय ते बघायला गोरखनं पिशवीत हात घातला होता, पण बोटं डब्यापर्यंत पोचलीच नाहीत, वाटेतच चेंडूच्या शिवणीवर जाऊन बसली, करंगळी दुसऱ्या टाक्यावर, तिच्या शेजारचं बोट त्या उसवलेल्या जागेत, अंगठा खालून… रोज बसतात तशी, त्याला न विचारता. एसटी घोडेगावच्या अलीकडं खड्ड्यात दणकन आदळली. पिशवी हलली, डबा वाजला, चेंडू मात्र हातातून निसटला नाही. अमेरिकेत हा लांबोडक्या चेंडूचा, हातानं फेकायचा फुटबॉल खेळतात म्हणे, डोक्यावर टोप आणि खांद्यावर गाद्या चढवून, आणि गावंच्या गावं बघायला लोटतात, इथं शेजारच्या सीटवरच्या म्हातारीनं पिशवीत डोकावून विचारलं, "नारळ हाय का बाळा? कंच्या देवाला निघालास?"

"नाही आजी, चेंडू आहे."

म्हातारीनं पुन्हा नीट बघितलं. "चेपलाय," ती म्हणाली, आणि पदर सावरून खिडकीकडं तोंड करून बसली.

चेपलेला नाही, असाच असतो — हे त्यानं आजवर किती जणांना सांगितलं असेल. सकाळी आईला तर सांगायचंही सोडून दिलं होतं. "ती तुजी पपई घेतली का?" मालनबाई दारातनं म्हणाली होती, आणि वडील, मच्छिंद्र, कारखान्याच्या गेटवरची रात्रपाळी उतरून आलेले, पायातले बूट न काढताच ओट्यावर बसून होते, मुलगा निघाल्याशिवाय झोपायचं नाही म्हणून. "शिक्का बसला की फोन कर," एवढंच ते म्हणाले. त्यांनी सगळ्या गेटला आधीच सांगून ठेवलं होतं — पोरगं कालवा निरीक्षक झालं. झालं कुठं? यादीत नाव लागलं होतं, खेळाडूंच्या राखीव जागेवर. आता खेळाचं प्रमाणपत्र खरं आहे की नाही ते नगरच्या कार्यालयात तपासणार होते, आज, अकरा वाजता. खरं निघालं तर नेमणुकीचं पत्र. नाही निघालं तर… नाही निघालं तर काय, याचा विचार तो घोडेगावपासून करत होता आणि दर वेळी तो विचार अर्ध्यावर टाकून शिवणीवरनं बोट फिरवत होता.

प्रमाणपत्र खोटं नव्हतं. तीच तर सगळी पंचाईत होती. खोटं असतं तर सरळ भीती वाटली असती, पकडलं गेलो तर गेलो. पण त्यावर सही खरी, शिक्का खरा, खेळ खरा, हात तर शंभर टक्के खरा. फक्त त्यातला एक सामना… एका सामन्यातली एक फेक…

डोळे मिटले की ती दिसायची. दोन वर्षं रोज दिसत होती, झोपायच्या आधी, अंघोळीला बादली भरताना, परीक्षेच्या हॉलमध्ये पेपर हातात यायच्या आधी. डावा पाय पुढं. खांदा मागं. चेंडू बोटांवरनं गरगरत सुटला, वर गेला, उन्हात क्षणभर काळा ठिपका झाला — आणि लांब तिकडं, रेघेपलीकडं, जस्टिन वळूनसुद्धा न बघता धावत होता, नुसते हात वर केलेले, आणि चेंडू त्या हातांत जाऊन बसला. थप्प. एवढा आवाज. साठ पावलांवरनं ऐकू आला होता तो. ऐकू येणं शक्य नाही, पण आला होता.

आयुष्यात आपल्याकडनं एकच गोष्ट पुरती बरोबर झाली, असं त्याला वाटायचं. बाकी सगळं जेमतेम. बारावी जेमतेम, बीए जेमतेम, बोलणं तर त्याहून जेमतेम. हात तेवढा देवानं सढळ दिला होता — किंवा देवानं कशाला, गोफणीनं दिला होता. सहा-सात वर्षांचा असताना ज्वारी हुरड्यात आली की आई त्याला शेतातल्या माळ्यावर चढवून निंदायला जायची, आणि तो दिवसभर तिथं एकटा उभा राहून पाखरं उडवायचा. गोफण डोक्याभोवती फिरवायला कुणालाही येते. कसब फिरवण्यात नाही, सोडण्यात असतं. दोन दोऱ्यांतली एक, नेमक्या क्षणाला. थोडी आधी सोडली की खडा आभाळात, थोडी उशिरा सोडली की आपल्याच माळ्याच्या खांबावर. हे त्याला कुणी शिकवलं नाही. मी पाखराला कधी मारलं नाही, तो स्वतःला अजूनही सांगायचा, ते बसलेल्या ज्वारीच्या ताटाशेजारचं ताट हलवायचो. पाखरू उडायचं. तेवढ्यात सगळं आलं.

मग श्रीरामपूरचं कॉलेज, आणि जिमखान्याचे काकासाहेब सर. सर माणूस उमदा. पोरांना आपल्या घरी जेवायला नेणारा, हॉस्टेलला पोरगं तापानं फणफणलं तर रात्रभर उशाशी बसणारा. त्यांनी एकदा कबड्डीच्या पोरांना रांगेत उभं केलं आणि पोत्यातनं हा लांबोडका चेंडू काढला. "कबड्डीत जिल्ह्यात दोनशे पोरं तुमच्या पुढं आहेत," ते म्हणाले, "ह्यात कुणीच नाही. ह्यात खेळा, प्रमाणपत्र मिळवा, नोकरीला लागा." पोरं हसली. चेंडू जमिनीवर आपटला की कुठंही उडायचा, बिथरलेल्या वासरागत, आणि पोरं त्याच्यामागं पळून पळून पडायची. गोरखनं तो हातात घेतला, शिवणीवर बोटं ठेवली, आणि एकदा फेकला. कुणी हसलं नाही मग. आणि दुसऱ्या टोकाला तो कुणी झेलला? चर्चच्या मैदानावर फुटबॉलचा गोली असलेल्या जस्टिननं. चर्चच्या शाळेतल्या दया टीचरचा मुलगा, लांब हातांचा, कमी बोलणारा. त्या दिवसापासून तीन वर्षं, रोज संध्याकाळी, एकानं फेकायचं आणि एकानं झेलायचं. दोघांत मैत्री होती का, हे त्याला धड सांगता आलं नसतं. बोलायचेच कुठं? पण जस्टिन कुठं असेल ते त्याला न बघता कळायचं, आणि चेंडू कुठं येईल ते जस्टिनला.

सगळं बिनसलं ते राज्याच्या स्पर्धेत. बिनसलं की जुळलं, देव जाणे. आठ जिल्हे उतरल्याशिवाय त्या प्रमाणपत्राला नोकरीत किंमत नव्हती, आणि उतरले सात. आठव्यानं पोरांच्या नावांची यादी धाडली, पोरं धाडलीच नाहीत. सगळ्यांच्या तीन वर्षांवर पाणी फिरायची वेळ आली, तेव्हा काकासाहेब सरांनी आपल्या वीस पोरांतली सात बाजूला काढली आणि त्या न आलेल्या जिल्ह्याचे हिरवे टी-शर्ट त्यांच्या अंगावर चढवले. पहिला सामना घरच्या घरी, नगर विरुद्ध ते हिरवे. हिरव्यांनी हरायचं, दुपारी हिरवे उतरवून पुन्हा नगरचे निळे घालायचे, पुढं खेळायचं. "पण सामना वाटला पाहिजे," सर म्हणाले. "हरायलासुद्धा खेळता येणारा माणूस लागतो. गोरख, तू हिरव्यांत. जस्टिन, तूही." सात नंबरचा टी-शर्ट त्याला आला. यादीत सात नंबरसमोर नाव होतं, करण. पुढं आडनाव काय होतं ते त्यानं मुद्दामच वाचलं नाही.

आणि शेवटच्या मिनिटाला निळे चार गुणांनी पुढं असताना चेंडू त्याच्या हातात आला. हरायचं ठरलेलं होतं. नुसता वेळ काढायचा होता, चेंडू पोटाशी धरून खाली बसला असता तरी भागलं असतं. पण जस्टिन सुटला होता. सुटलेला जस्टिन दिसला आणि हात कुठं थांबतोय! डावा पाय, खांदा, थप्प. रेघेपलीकडं झेल म्हणजे सहा गुण. हिरवे जिंकले होते.

शिट्टी सरांच्याच तोंडात होती. त्यांनी ती वाजवली आणि हात आडवा हलवला. "पडला," ते म्हणाले. "चेंडू जमिनीला लागला." त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता, विनवणी करत होता, आणि तेच वाईट होतं. जस्टिन चेंडू छातीशी धरून रेघेपलीकडं उभा. त्यानं सरांकडं पाहिलं, मग इतक्या लांबून गोरखकडं पाहिलं. गोरखनं काय केलं? काहीच नाही. नजर खाली घातली. मग जस्टिन वाकला आणि त्यानं चेंडू अलगद, दोन्ही हातांनी, मातीवर ठेवला.

नगरचं स्टँड आलं तेव्हा म्हातारीनं उतरता उतरता त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. कशासाठी, कुणास ठाऊक.

जस्टिनचा फोन काल दुपारीच येऊन गेला होता. तो आता पोलीस शिपाई, याच प्रमाणपत्रावर, त्याची तपासणी चार महिन्यांपूर्वी याच कार्यालयात झालेली. "त्या मॅडम शेवटच्या पासचं विचारतात बरं," तो म्हणाला. "सरांच्या अहवालात तेवढीच एक ओळ आहे ना. सगळ्यांना विचारतात." "तू काय सांगितलंस?" "माझं झालं रे. तू तुझं सांग." आणि ठेवला. तेव्हापासून गोरख एकच वाक्य घोकत होता. फेक आखूड पडली. जस्टिनचा त्यात दोष नको. हिरव्या टी-शर्टात कोण होतं हे त्या मॅडमना माहीत नसलं म्हणून काय झालं, मला माहीत आहे. पडली म्हणायचंच आहे तर माझ्या हातानं पडू दे. एवढं एक तरी आपण सरळ करू, असं त्यानं ठरवलं होतं, आणि त्या ठरवण्यानं त्याला जरा बरं वाटत होतं, लाज वाटावी इतकं बरं.

मॅडमच्या टेबलावर पाटी होती, नुसतं पंकजा आणि खाली हुद्दा, आडनावाचा कोपरा तुटलेला. पस्तिशीच्या असतील. खो-खो खेळलेल्या असाव्यात, भिंतीवर जुना फोटो होता, पाठीवर नंबर असलेली एक मुलगी खांबाला झेपावलेली. पाणी दिलं, बसायला सांगितलं, आवाज चढवला नाही. त्यांनी दरडावलं असतं तर किती सोपं गेलं असतं. पण त्यांना खरोखरच कुतूहल होतं.

"चेंडू आणलात? दाखवा." त्यांनी शिवणीवरनं हात फिरवला. "हा टाका उसवलाय."

"तिथं बोट बसतं, मॅडम."

त्या हसल्या आणि फाईल उघडली. किती खेळाडू, मैदान केवढं, किती गुण कशाला — तो भराभर सांगत गेला, कारण हे सगळं खरं होतं आणि खरं सांगताना त्याची जीभ कधी अडखळत नसे. मग त्यांनी पान उलटलं. "पहिल्या सामन्यात शेवटच्या मिनिटाला समोरच्यांचा पास अपूर्ण राहिला म्हणून तुम्ही वाचलात. सात नंबरचा खेळाडू, करण. तुम्ही मैदानात होतात ना?"

"होतो."

"कसा हुकला?"

"फेक आखूड पडली." बाहेर पडलं एकदाचं. वाटलं होतं तितकं जड नव्हतं. "सात नंबरच्यानं घाई केली. आखूड पडली."

पंकजा मॅडमनी पेन खाली ठेवलं. दुसरी एक फाईल ओढली, त्यातला कागद काढला आणि वाचून दाखवला. "तुमच्याच संघातल्या जस्टिननं लिहून दिलंय… 'फेक एकदम बरोबर होती. अशी फेक मी परत बघितली नाही. पकडणाऱ्यानं सोडली. चूक सगळी त्याची.'"

पंखा फिरत होता. बाहेर कुणीतरी गाडीला किक मारत होतं, गाडी चालू होत नव्हती. चूक सगळी त्याची… जस्टिननं हे लिहिलं. ते लांब हात टेबलावर वाकवून, याच खुर्चीवर बसून, आपल्याच हातांवर आळ घेऊन माझी फेक वाचवली, आणि मला फोनवर सांगितलं, माझं झालं रे. त्याला तो कागद हातात घेऊन वाचावासा वाटला, आणि त्याच क्षणी, तितकीच स्पष्ट, भीती वाटली.

"तुम्ही दोघं एकाच बाजूचे," मॅडम म्हणत होत्या. "एकाच जागेवरनं बघणारे. त्याला बरोबर आलेली दिसली, तुम्हाला आखूड. दोन वर्षं झाली, माणसाला सगळं आठवत नाही, मी समजू शकते. पण जबाब जुळले नाहीत तर मला दोन्ही फाईली वर पाठवाव्या लागतील. त्याचीसुद्धा." त्यांनी कोरा कागद पुढं सरकवला. "शांतपणे आठवा. मग लिहा. जे झालं तेच."

जे झालं तेच. लिहावं का? झेल झाला होता, मॅडम. सात नंबर मीच होतो. करण त्या दिवशी त्याच्या घरी असेल, आंबे खात असेल, त्याला माहीतही नाही की त्यानं एवढी फेक फेकली… एका ओळीचं काम. आणि मग? जस्टिनच्या अंगावरची वर्दी, बाकीच्या पाच पोरांच्या नोकऱ्या, काकासाहेब सर, ओट्यावर बूट घालून बसलेले वडील. एका फेकीपायी एवढी माणसं रस्त्यावर आणायची? आणि ती फेक तरी तेव्हा माझी राहील का? ती पुरावा होईल. आणि आपलंच वाक्य धरून बसावं, आखूड पडली म्हणून, तर जस्टिन अडकतो. म्हणजे त्याला वाचवायचं तर त्याच्यावरच आळ घालायचा. ज्या बाजूला वळावं तिकडं भिंत, आणि प्रत्येक भिंतीवर आपल्याच माणसाचं तोंड.

त्यानं पेन उचललं. फेक बरोबर होती, असं लिहिलं, आणि लिहिताना — हे त्यानं पुढं कुणालाही सांगितलं नसतं — त्याला आनंद झाला. सरकारी कागदावर, तारखेसह, त्याच्या हस्ताक्षरात, ती फेक बरोबर होती. तीन शब्द अगदी खरे. मग त्यानं खाली दुसरी ओळ लिहिली. पकडणाऱ्याच्या हातून चेंडू सुटला आणि जमिनीवर पडला. आणि सही केली, सगळी, गोरक्षनाथ मच्छिंद्र, कुठं अक्षर न तोडता.

"आता असं जुळलं," मॅडम म्हणाल्या. त्यांच्या आवाजात संशय होता की सुटका, ते कळेना. "चला, एकदा फेकून दाखवा. ते बघितल्याशिवाय मी कुणाला सोडत नाही."

कार्यालयामागं मोकळी जागा होती, पलीकडं कंपाउंडची भिंत, भिंतीशी चुन्याची एक जुनी पुसट रेघ. समोर कुणी नव्हतं. त्यानं सवयीनं एकदा पलीकडं पाहिलं आणि फेकला. चांगला गेला. गरगरत, सरळ, त्या रेघेच्याही पलीकडं — आणि तिथं मातीत आपटला, एकदा डावीकडं उडाला, एकदा उजवीकडं, आणि भिंतीला लागून पडून राहिला. आणायला त्यालाच जावं लागलं.

"हा हात पाटबंधारे खात्यात काय करणार हो?" मॅडम म्हणाल्या. हसून म्हणाल्या, चांगल्या मनानं. मग आत जाऊन त्यांनी शिक्का मारला. दोनदा, कारण पहिला पुसट उठला होता.

स्टँडवर सोनईच्या गाडीला वेळ होता. त्यानं वडिलांना फोन केला. "बसला," तो म्हणाला. पलीकडनं मच्छिंद्रचा आवाज आला, दुसऱ्याच कुणाला तरी सांगणारा, "बसला, बसला शिक्का," आणि मग आईचा, "जेवलास का रं? डबा खाल्ला का?" खाल्ला, असं त्यानं सांगितलं. डबा तसाच होता. जस्टिनला फोन लावावा म्हणून त्यानं नाव काढलं, बघितलं, आणि मोबाईल खिशात ठेवला. काय म्हणायचं? तुझ्या हातून सुटला असं मीपण लिहून आलोय?

झालं ते झालं, तो स्वतःशी म्हणाला. कागद कागदाच्या जागी. माझं माझ्याकडं आहे, ते कुणी नेलेलं नाही. गाडी लागली, खिडकीची जागा मिळाली, त्यानं पिशवी मांडीवर घेतली, बोटं शिवणीवर बसली, आणि त्यानं डोळे मिटले. दिवसभरात पहिल्यांदाच, निवांत.

डावा पाय पुढं. खांदा मागं. चेंडू गरगरत सुटला, वर गेला, उन्हात काळा ठिपका झाला. जस्टिनची पाठ, न वळता धावणारी. हात वर. चेंडू त्या हातांना लागला आणि — पडला.

त्यानं डोळे उघडले. स्टँडवर पेरू विकणारी बाई पाटीवर पाणी शिंपडत होती. त्यानं पुन्हा मिटले. पाय, खांदा, ऊन, हात, आणि चेंडू बोटांमधनं सुटून मातीत, एकदा डावीकडं उडाला, एकदा उजवीकडं. थप्प हा आवाज त्यानं आठवून पाहिला. आवाज आला, पण तो शिक्क्याचा होता, दोनदा आलेला. जस्टिन वाकला होता, चेंडू मातीवर ठेवला होता, अलगद — ठेवला होता, की पडलेला उचलत होता? झेलला होता त्यानं. मी बघितलं होतं. मी एकटाच तर बघणारा उरलोय…

कंडक्टरनं दोरी ओढली, गाडी हलली. त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, घाई न करता, एक एक गोष्ट जागच्या जागी ठेवत: टी-शर्टचा हिरवा रंग, ओठावरची माती, डावा पाय पुढं, खांदा मागं, चेंडू कानाशी. लांब तिकडं जस्टिननं हात वर केले होते, आणि तो वाट बघत होता. गोरख चेंडू कानाशी धरून उभा राहिला. सोडवेना. सोडला तर पडेल.